साबणाच्या वडीवरचे आटे

अकोटा, बडोदे
१० मे २०२४

ती. लक्ष्मीकांतकाकांना,

मृदुलाचा इथूनच नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण माझा डावा पाय लहानपणापासून दुमडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, उगाच खोटं कशाला लिहा.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि राजेश्वरीनं, पोटच्या लेकीनं, मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला की तुम्ही तिच्यावर रागावता, म्हणून हे टपाल. बातमी चांगली नाही. आपली पांढरी गाडी बंद पडली. सुट्टी लागायच्या दिवशी पादऱ्याहून शाळेतून येत होते, अर्ध्या वाटेत बॉनेटखालून वाफ निघाली. तुम्ही बजावून ठेवलं होतं तसं लगेच इंजिन बंद केलं आणि कडुलिंबाखाली बसून राहिले. विक्रमसिंह टो करायला गाडी घेऊन आला तेव्हा माझ्या या धाकट्या भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गॅरेजवाले आनंदभाई म्हणाले, रेडिएटर संपला. खालची टाकी चिरली आहे आणि जाळी कुजली आहे, डाग देऊन भागणार नाही. मला वाटलं, दुसरा घालू. पण या मॉडेलच्या ऑटोमॅटिक गाड्या बडोद्यात मोजक्याच होत्या, त्यांचा रेडिएटर यायचा कधीच बंद झाला. दुकानात मिळतो तो क्लचवाल्या गाडीचा. त्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या तेलाच्या दोन नळ्या जोडायला जागाच नाही. आनंदभाईंचा उपाय सोपा आहे. ते म्हणाले, "बेन, बे पाइप सामसामे जोडी दइए, वात पूरी." दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या. तुम्हाला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. दाराच्या खांबावरचं माझं हँडल आणि चार बोटं उंच केलेली सीट तुमच्याच हातची आहे, त्या गाडीवर तुमचा हक्क आहे.

विक्रमसिंहाचं म्हणणं वेगळंच आहे. अठरा वर्षांची गाडी भंगारात द्यावी आणि मी नोकरी सोडावी. निवृत्तीला दोनच वर्षं तर राहिली आहेत, म्हणतो. पाच वर्षांपूर्वी बसच्या पायरीवरून मी पडले तेव्हापासून तो भ्यायलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही. नव्या गाड्या दाखवायलाही घेऊन गेला होता. दोनांत बसले, एकीतूनही स्वतःहून उठता आलं नाही. माझ्याकडून त्यानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून घेतला आहे, तो टेबलाच्या खणात आहे. शाळा १३ जूनला उघडते. तोवर गाडी चालू झाली नाही तर अर्ज द्यायचा, असं मी कबूल करून बसले आहे.

काका, दहावीच्या मुलींना गणित शिकवायला तिथे दुसरं कोणी नाही हे एक कारण झालं. खरं कारण हे की, त्या सोळा किलोमीटरांत मी कोणाच्या आधारानं जात नाही. ते मला सोडवत नाही. काय करू ते कळवा.

तुमची,
मृदुला


कऱ्हाड
१६ मे

चि. मृदुला,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्यानं लिहायची गरज नाही.

पहिली गोष्ट, त्या आनंदभाईंना नळ्यांना हात लावू देऊ नकोस. माणूस वाईट नसेल, पण घाईतला आहे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तेलावर चालतो आणि तेल तापतं. ते तेल एका नळीनं रेडिएटरच्या खालच्या टाकीत येतं, तिथे पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या बारीक नळीतून फिरून गार होतं आणि परत जातं. नळ्या एकमेकींना जोडल्या तर गाडी आठवडाभर झोकात चालेल. मग एके दिवशी पादऱ्याच्या वाटेवर गिअरबॉक्स जळेल, आणि मग मात्र विक्रमसिंहाचं खरं होईल. आधी गिअरबॉक्सची तेलकाडी काढून बघ. तेल लाल असेल तर देवाला हात जोड. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलं समज आणि मला तार कर. तार बंद झाली हे मला माहीत आहे.

तेल लाल असेल तर काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. तुला दुसऱ्या कुठल्याही ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर चालेल. तीन गोष्टी बघायच्या. तो त्या जागेत बसला पाहिजे, पाण्याची तोंडं जुळली पाहिजेत आणि तेलाच्या नळ्यांच्या नटाचे बाहेरच्या अंगाचे आटे त्याच्या भोकातल्या आट्यांशी जुळले पाहिजेत. पहिल्या दोन गोष्टी इकडंतिकडं चालतात. आट्यांचं तसं नाही. ते इंचातले असतात किंवा मिलिमीटरातले असतात, आणि दिसायला सख्खी भावंडं असतात.

आता तू काय करायचंस ते ऐक. कपड्याच्या साबणाची ताजी, मऊ वडी घे. नळीच्या टोकाचा नट पुसून त्याचे आटे वडीवर सरळ दाब, फिरवू नकोस. ठसा उठेल. आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये मशीनच्या पोटात गेज पोचत नसे तेव्हा आम्ही असंच करत होतो. मग नटाच्या बाहेरच्या अंगाला शिवणाचा दोरा एकदा गुंडाळ, जिथे टोकं भेटतात तिथे काप. वडी आणि दोरा दोन्ही मला पाठव. फोटो पाठवू नकोस, फोटोवर गेज लावता येत नाही.

अर्ज खणातच राहू दे. आणि विक्रमसिंहाला सांग, भंगारात काय द्यायचं ते मी ठरवीन.

लक्ष्मीकांतकाका


अकोटा
२१ मे

ती. काका,

तेल लाल आहे. हात जोडले.

सोबतच्या डब्यात वडी आणि दोरा आहे. वडी ताजी मिळावी म्हणून मी मंगळबाजारात हातानं साबण करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांना वाटलं, माझ्याकडे धुणं फार असतं. मी नट वडीवर दाबताना आनंदभाईंनी तोंड फिरवून हसून घेतलं, पण ठसा उठल्यावर तेही वाकून बघायला लागले. मोहनावहिनी विचारत होती की साबण कऱ्हाडला मिळत नाही का.

तुमच्या पत्रानंतर मी गप्प बसले नाही. विक्रमसिंहाला घेऊन जुन्या स्पेअरपार्टवाल्यांची सगळी ओळ पालथी घातली. तो आधी गाडीतच बसून राहायचा. तिसऱ्या दुकानात स्वतः उतरला आणि टेप लावून मापं घ्यायला लागला. शेवटी एका भंगारवाल्याकडे दोन रेडिएटर निघाले, दोन्ही ऑटोमॅटिक गाड्यांचे, दोन्ही आपल्या जागेत बसणारे. एकाचे तेलाचे आटे इंचातले आहेत, दुसऱ्याचे मिलिमीटरातले, असं तो सांगतो. त्याच्याकडे जुन्या याद्या आहेत, त्यामुळे खोटं बोलत नसावा. तुमचं उत्तर येईपर्यंत दोन्ही राखून ठेवतो म्हणाला. गिऱ्हाईक आलं तर मात्र तो माझ्यासाठी थांबणार नाही, तेव्हा उत्तर स्पीड पोस्टानं पाठवा.

काका, मी खरंच तुमची आभारी आहे. गाडी बंद पडल्यापासून घरात सगळे माझ्याशी अशक्त माणसाशी बोलावं तसं बोलत होते. तुमच्या पत्रात मला कामं सांगितलेली होती.

मृदुला


कऱ्हाड
२९ मे

चि. मृदुला,

डबा काल हातात पडला. वाटेत ऊन लागलं असणार, पण ठसा स्वच्छ आहे. तुझा हात तात्यासाहेबांच्या वळणावर गेला आहे. तुझे वडील माझे चुलतभाऊ नसते तर मी त्यांना कारखान्यात ओढून नेलं असतं.

पेटी उघडून आट्यांचा, दातेरी पात्यांचा गेज काढला. दोन वर्षांनी हातात घेतला. पात्यांना तेल लावून ठेवलेलं होतं, तरी एक अडकलं. दोऱ्यानं माप धरलं ते पाच अष्टमांश इंचाला जुळतं. मग ठशावर एकेक पातं लावत गेलो. मिलिमीटरचं दीडचं पातं बसलं नाही, दोन्ही टोकांना उजेड दिसत होता. इंचाला अठरा आट्यांचं पातं मात्र असं बसलं की मध्ये केससुद्धा जाणार नाही. तेव्हा प्रश्न संपला. इंचातला रेडिएटर घे. दुसरा सोडून दे.

काही अडलं तर मकरपुऱ्यात पद्माकडे जा. औद्योगिक वसाहतीत तिचं लेथचं वर्कशॉप आहे, पत्ता खाली देतो. टूलरूममध्ये माझ्या हाताखाली आलेली ती पहिली बाई. माझ्याइतकं कोणी तिला बोललं नसेल आणि तिच्याइतकं चांगलं काम माझ्याकडे कोणी केलं नाही. हे दुसरं वाक्य मी तिला कधी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आणखी एक लिहितो. कऱ्हाडला मला सगळे जपतात. राजेश्वरी पाणी हातात आणून देते, जावई मला बल्ब बदलू देत नाहीत. जेवलात का, याखेरीज दोन वर्षांत मला कोणी काही विचारलेलं नाही. तुझा डबा आला त्या दिवशी मी टेबलावर दिवा ओढून बसलो आणि राजेश्वरीला म्हणालो, जेवण झाकून ठेव, मी कामात आहे. तुझे उपकार आहेत पोरी.

लक्ष्मीकांतकाका


अकोटा
५ जून

ती. काका,

गडबडीत आहे म्हणून थोडंच लिहिते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेडिएटर आणला. दुकानदारानं जरा भलतंच गळ्यात मारलं असं दिसतंय, आटे नीट जुळत नाहीत. पण पद्माबेनकडे काम दिलं आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुमचं माप अगदी बरोबर होतं.

इथे ऊन फार आहे. तुमची तब्येत कशी? राजेश्वरीला आठवण.

मृदुला


कऱ्हाड
११ जून

चि. मृदुला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात एकही प्रश्न नव्हता. तब्येत सोडून.

मला वाटलं तूच कंटाळलीस, की दुकानदारानं खरंच फसवलं. त्याला चार शब्द लिहायला मी कागद घेतला होता. तेवढ्यात शेजारचे बाळकृष्णराव आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, मी काय करत असे ते त्यांना कधी समजलेलं नाही. म्हटलं दाखवू. तुझी वडी मी कपाटात जपून ठेवली होती. ती काढली, ऐटीत गेज काढला आणि अठराचं पातं ठशावर ठेवलं. बसेना. चष्मा पुसला, पुन्हा ठेवलं. दोन्ही टोकांना उजेड. एकोणीसचं लावलं, ते बसलं.

लोखंडाचे आटे पंधरा दिवसांत अठराचे एकोणीस होत नाहीत. साबण वाळला होता. वाळून आखडला होता, आणि त्याच्याबरोबर ठसाही. म्हणजे माझ्या हातात पडला तेव्हाही तो आठ दिवस उन्हातून येऊन आखडलेलाच होता. मूळचे आटे दीड मिलिमीटरचे. दुसरा रेडिएटर तुझा होता, जो मी तुला सोडायला लावला.

टूलरूममध्ये ठसा घेतला की आम्ही दहा पावलांवर गेज लावत असू. साबण वाळायला वेळच मिळत नव्हता. तो टपालानं पाठवायची अक्कल चाळीस वर्षांत कोणी चालवली नाही, ती मी चालवली. बाळकृष्णरावांना म्हणालो, आज जरा डोळे दुखताहेत, आणि गेज पेटीत ठेवून दिला.

तू हे पाच तारखेलाच जाणत होतीस. मला वाचवायला दुकानदारावर ढकललंस. माझ्यावर इतकी माया करणारं माणूस आहे याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण मृदुला, हे तू बरं केलं नाहीस. ज्या चुकलेल्या फिटरला चूक दाखवत नाहीत तो फिटर उरत नाही. त्याला फक्त खुर्चीवर बसवतात.

आज अकरा तारीख. हे तुला मिळेल तेव्हा तेरा उलटून गेलेली असेल. माझ्यामुळे तुला अर्ज द्यावा लागला असेल तर मी काय म्हणू? माझे डोळे आणि माझा अंदाज दोन्ही जुने झाले. यापुढे गाडीचं मला विचारू नकोस. पद्मा आहे, तिला विचार.

लक्ष्मीकांतकाका


अकोटा
१६ जून

ती. काका,

तुमचं पत्र काल आलं. मोहनावहिनीलाही वाचून दाखवलं. आता सगळं जसं घडलं तसं लिहिते.

रेडिएटर आणला. जागेत छान बसला, पाण्याची तोंडंही जुळली. आनंदभाईंनी तेलाचा नट लावला, तो दोन फेरे हातानं गेला आणि अडकला. त्यांनी पाना लावला. पितळेचा कीस निघाला तेव्हा मीच त्यांचा हात धरला. भंगारवाल्याकडे धावलो तर मिलिमीटरचा रेडिएटर आदल्या दिवशी भरूचला गेलेला, आणि पाना लागलेला रेडिएटर भंगारवाला परत घेईना. त्या दिवशी मी खण उघडून अर्ज बाहेर काढला होता. सही फक्त राहिली होती.

अर्जाशेजारी तुमचं पत्र होतं. खाली पद्माबेनचा पत्ता होता म्हणून दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्याला गेलो. त्यांनी नटाला गेज लावला आणि एका मिनिटात म्हणाल्या की हे दीड मिलिमीटरचे आटे आहेत. मी साबणाची गोष्ट सांगितली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सरांना हे कळवाल तेव्हा माझं नाव नका सांगू. त्यांची चूक काढायला मला अजून भीती वाटते."

म्हणजे आम्ही दोघींनी मिळून तुम्हाला काचेच्या भांड्यासारखं कपाटात ठेवलं. घरातले माझ्याशी जे करत होते आणि ज्यानं मी चिडत होते, तेच मी तुमच्याशी केलं. काका, माझं चुकलं.

उपाय पद्माबेनचा आहे, पण तो तुमच्याकडेच शिकलेला आहे असं त्या म्हणतात. पितळेचे दोन छोटे तुकडे लेथवर केले. बाहेरून इंचाचे आटे, ते रेडिएटरमध्ये जातात. आतून मिलिमीटरचे, त्यात आपल्या नळ्यांचे नट बसतात. कीस निघालेल्या भोकाचे आटे त्यांनी पुन्हा साफ केले. अकरा तारखेला दुपारी, तुम्ही तिकडे ते पत्र लिहीत होतात तेव्हा, आनंदभाईंनी दोन्ही नट हातानंच शेवटपर्यंत फिरवले आणि माझ्याकडे बघून पाना खाली ठेवला. मग शेवटचं आवळायला पुन्हा उचलला.

तेराला सकाळी मी पादऱ्याला गेले. गाडी मी चालवली, विक्रमसिंह शेजारी बसला होता. त्याची नजर सगळा वेळ उष्णतेच्या काट्यावर. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. शाळेच्या फाटकाशी मी हँडल धरून उतरले, तर तो म्हणाला, "ताई, तो अर्ज मी काल फाडला. तुला विचारलं नाही." त्याचे डोळे भरले होते. भाऊ रडायला लागला की त्याला बोलायचं नसतं. तो बसनं परत गेला आणि संध्याकाळी मी एकटी आले.

दहावीच्या वर्गात चाळीस मुली आहेत. पहिल्या तासाला मी त्यांना गुणोत्तर शिकवलं. एक वडी सहा टक्के आखडली तर तिच्यावरच्या खुणा किती जवळ येतील, हे उदाहरण घातलं. कोणाचा साबण, कोणी पाठवला, ते सांगितलं नाही. सात मुलींना बरोबर आलं.

तुमच्यामुळे मी त्या वर्गात उभी होते. तुम्ही नळ्या जोडू दिल्या नाहीत म्हणून गिअरबॉक्स शाबूत आहे. तुम्ही मला कामाला लावलंत म्हणून मी दुकानं हिंडले, आणि तुम्ही पद्माबेनना घडवलंत म्हणून ते दोन तुकडे झाले. एक माप चुकलं. त्यानं यातलं काही कमी होत नाही. उपकार हा शब्द तुम्ही माझ्यासाठी वापरलात, तो मी तुम्हाला परत करते, त्यावर हक्क माझा आहे.

तुमचं शेवटचं म्हणणं मात्र मी ऐकणार नाही. काल सकाळी गाडीखाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा लाल थेंब होता. एकच. आज पुन्हा एक. डाव्या तुकड्याच्या जोडातून येतो आहे, पुसून बघितलं. आनंदभाई म्हणतात आट्यांवर टेप गुंडाळू, पद्माबेन म्हणतात पाव फेरा आणखी आवळा. दोघांना मी थांबवलं आहे. ठसा, दोरा, फोटो, काय पाठवायचं ते सांगा. तुम्ही म्हणाल तेच करीन, आणि चुकलं तर त्याच दिवशी चुकलं म्हणून कळवीन.

मृदुला